मागच्या खोलीची निंबूपत्ती

नागपूरहून ऑपरेशन करून घरी आणलं त्या दिवशी ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर आपला दिवाण समोरच्या खोलीतून मागच्या खोलीत हलवायला लावला. बोलता येत नव्हतं. जिभेचा डावा भाग काढलेला, मानेवर टाके, नाकात नळी. नुसतं बोटानं दाखवलं, हा इथून उचला आणि तिथं ठेवा. मागची खोली म्हणजे आमची अडगळ. गव्हाची कोठी, बिघडलेला कूलर, माझ्या शिलाईच्या कापडांचे गठ्ठे. एकच खिडकी, तीही मागच्या अंगणात उघडणारी. मी म्हटलं, "अहो, तिथं कोणी आलं-गेलेलं दिसणार नाही तुम्हाला." ते दिवाणाकडे बोट दाखवत उभे राहिले. शेवटी शेजाऱ्यांना बोलावून तो हलवला.

त्यांना कोणी आलेलं नकोच होतं, हे मला नंतर कळलं. कारण वास.

आजारी माणसाच्या तोंडाचा वास कसा असतो, हे ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. आधी जखमेचा होता. मग रेडिएशनचे शेक सुरू झाले आणि तोंडातली लाळच आटून गेली. कोरड्या तोंडात तो वास बसून राहायचा. चादरीला लागायचा, उशीला लागायचा, मी कुशीवर वळवायला हात लावला की माझ्या पदराला लागायचा. मी डिटर्जंटमध्ये धुवायची, डेटॉलमध्ये बुडवायची, उन्हात घालायची. धुतलेल्या कपड्यालाही मी नाक लावून बघायची. अगरबत्ती लावून पाहिली, तर धुरानं ठसका लागला आणि ओल्या टाक्यांवर ताण आला. धूप, कापूर, सगळं करून झालं. सुगंधाखाली तो वास आणखीच उठून दिसायचा.

त्यांनाही तो यायचा. नाक शाबूत होतं ना. दुपट्टा नाकातोंडावर घट्ट गुंडाळून खिडकीकडे तोंड करून पडायचे. मी वाटी घेऊन आत गेले की हातानं लांब राहायची खूण करायचे. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेलेल्या बायकोला माणूस लांब राहा म्हणतो, तेव्हा काय वाटतं ते मी इथं लिहू शकत नाही.

त्याआधी हे दारव्ह्याच्या बाजार समितीत एका अडत्याकडे हर्रास पुकारायचे. सोयाबीनच्या ढिगाजवळ उभं राहून मुठीत दाणे घेऊन बोली सुरू करायची, व्यापारी भाव वाढवत जायचे, आणि ह्यांचा आवाज त्या सगळ्या गलक्याच्या वर. आमचं घर बाजाराच्या भिंतीपासून फार लांब नाही. हंगामात मी मशीनवर फॉल लावत बसलेली असायची आणि ह्यांचा आवाज ऐकू यायचा. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचाच. खर्रा असूनही शब्द कसा मोकळा पडायचा, याचं लोकांना कौतुक होतं. तोंड पूर्ण उघडेनासं झालं, भाजीचं तिखट झोंबायला लागलं, तेव्हाही ते कोणाला बोलले नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, "काही नाई, दाढ हाय."

ऑपरेशन झालं आणि लगेच सोयाबीनचा हंगाम आला. त्यांच्या जागी दुसरा माणूस पुकारायला लागला. त्याचा आवाज मागच्या खोलीपर्यंत यायचा. ह्यांनी एक दिवस उठून खिडकी लावून घेतली. त्यानंतर त्या खोलीत हवाही येईना.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. ती तिथं एका कंपनीत कामाला आहे, एका बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. ट्रॅव्हल्समधून उतरली तेव्हा एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कापलेली पाण्याची बाटली. बाटलीत मातीचा गोळा आणि त्यात वीतभर काडी, काडीला लांबट पानं. प्रवासात अर्धी पानं मुडपली होती.

"हे काय आणलंस?" मी विचारलं.

"लेमन व्हर्बिना. आमच्या घरमालकीण काकूंच्या गॅलरीत आहे. त्या याचा चहा करतात."

"गवती चहा आहे तर अंगणात."

"तसं नाही गं. तू वास घे."

तिनं एक पान तोडून बोटांत चुरडलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. लिंबाचाच वास, पण लिंबाचा आंबटपणा नाही त्यात. लिंबाची साल आणि त्यात कुठंतरी मऊ गोड काहीतरी. पान हाताला खरखरीत लागलं, मांजरीच्या जिभेसारखं. आणि गंमत अशी की तो वास हातावरून लवकर गेला नाही.

मुलगी बाबांच्या खोलीत गेली. दारातच थबकली ते मी पाहिलं. पण तोंड वाकडं केलं नाही तिनं. जाऊन दिवाणावर बसली, त्यांनी हातानं लांब हो केलं तरी बसली आणि चुरडलेलं पान त्यांच्या दुपट्ट्याच्या आत, नाकापाशी धरलं. ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता ठसका येईल. आला नाही. त्यांनी तिच्या हातातून ते पान काढून घेतलं आणि मुठीत ठेवलं. संध्याकाळी मी नळीतून दूध द्यायला गेले तेव्हाही मूठ तशीच बंद होती.

त्या झाडाचं नाव आमच्याकडं कोणाला घेता येईना. माझ्या नणंदेनं, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीनं, त्याला निंबूपत्ती म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच चाललं.

पुढच्या तपासणीला मी दोन पानं पर्समध्ये घालून नेली. डॉक्टरांना विचारलं, कोमट पाण्यात हे टाकून गुळण्या केल्या तर चालतील का. डॉक्टरांनी पानाचा वास घेतला. म्हणाले, "हे औषध नाही, एवढं लक्षात ठेवा. गुळण्यांचं औषध मी दिलंय तेच द्यायचं. पण नंतर साध्या पाण्यात एखादं पान टाकून, गाळून, बरं वाटत असेल तर हरकत नाही. झोंबलं की बंद." मला तेवढं पुरे होतं. कोणीतरी काहीतरी करायला परवानगी दिली होती. इतके दिवस सगळे मला नुसतं धीर धरा सांगत होते.

मी ते झाड चांगल्या मोठ्या कुंडीत लावलं. माती अंगणातलीच घेतली. आमची माती काळी, कापसाची, लोक म्हणतात सोनं आहे. मला वाटलं याहून चांगलं काय असणार. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची. आठवडाभरात खालची पानं पिवळी पडली आणि मग गळायलाच लागली. मी आणखी पाणी घालू लागले. सकाळी उठले की आधी कुंडी बघायची, मग ह्यांना. पडलेली पानंही मी टाकत नव्हते, सुपात वाळवून डब्यात भरत होते.

मुलीला फोन केला. तिनं काकूंना विचारून सांगितलं. पाणी ताबडतोब बंद कर, कुंडीतून काढ, मुळं बघ. मी काढलं तर खालची मुळं मऊ आणि तपकिरी झालेली. काळी माती पाणी धरून बसते, ओली झाली की चिखल आणि सुकली की वीट. या झाडाला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. सडलेली मुळं कात्रीनं कापली. समोर बांधकाम चाललं होतं तिथून घमेलंभर रेती मागून आणली, ती धुतली, त्यात थोडी माती आणि जुनं शेणखत मिसळलं, कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घातले. मग बोट आत खुपसून पाहायचं आणि वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यायचं, असं ठरवलं. हात आवरणं सगळ्यात कठीण गेलं. माझ्या हातात दुसरं होतं काय?

थंडी वाढली तशी उरलेलीही पानं गेली. पौषात नुसती काडी उभी. मी वाळलेल्या पानांवर दिवस काढत होते. एकच पान कपाला, गाळून. ह्यांची नळी निघाली होती तेव्हा, पण तोंड एक बोट जाईल एवढंच उघडायचं. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायला सांगितल्या होत्या. रोज एखादी काडी वाढवायची. काडी वाढली की डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या. त्यानंतर मी ते कोमट पाणी द्यायची. ते तोंडात धरून बसायचे आणि बराच वेळ थुंकायचे नाहीत.

नणंद संक्रांतीला आली. मागच्या अंगणात कुंडी बघून म्हणाली, "अवं बाई, काडी हाय ते. मेलेल्या झाडाले कायले पाणी घालून राह्यली?"

"मेलं नाही ताई."

"तुले कसं माहीत?"

मी नखानं काडीची साल थोडी खरडून दाखवली. आत हिरवं होतं. तिनं वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "येड्या बह्याडासारखी करून राह्यली तू," ती हळूच म्हणाली. "तुह्या जिवाकडं पाह्य जरा." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत भावाकडे गेली. ह्यांनी दुपट्टा ओढून घेतला आणि तिला लांब राहायची खूण केली. ती दारातच बसली, तीळगूळ हातात घेऊन. तीळ तर त्यांना चालणारच नव्हता.

होळीच्या सुमारास काडीला पेरापेराला हिरवं फुटलं. एका ठिकाणी तीन तीन पानं. तिथून पुढं महिनाभर आमचे बरे दिवस होते. झाडानं जोर धरला. शेंडे खुडले की बाजूनं फांद्या फुटतात, असं मुलीनं सांगितलं, म्हणून मी खुडत गेले आणि ते झुडूप झालं. मी कुंडी मागच्या खिडकीच्या बाहेर ओट्यावर ठेवली. ह्यांनी खिडकी उघडली. सकाळी हात बाहेर काढून पान चोळायचे आणि तो हात दुपट्ट्याच्या आत घ्यायचे. मी आत गेले तर लांब राहायची खूण करायचे विसरायचे कधी कधी. मुगाचं पाणी, तांदळाची पेज, जे काही पातळ देता येईल त्यात मी ते पान उकळायची. चव त्यांना फारशी कळत नव्हती, वास कळायचा. त्या वासाच्या आशेनं घोट उतरायचा. घोट घोट करत वाटी संपायची. ज्या दिवशी वाटी संपायची त्या दिवशी मी रिकामी वाटी थोडा वेळ हातातच धरून बसायची.

मग आमचा उन्हाळा आला. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा काय असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. अकरा वाजता रस्ता ओस पडतो. नळाला पाणी यायला दिवसचे दिवस लागायचे. आलं की ड्रम, हंडे, बादल्या, कढईसुद्धा भरून ठेवायची. बोअरचं पाणी खारं, त्यानं झाडाच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या, म्हणून मी प्यायच्या पाण्यातलं द्यायला लागले. जुन्या साडीचा आडोसा बांधला. मग हिरवी जाळी आणून बांधली. तरी पानं फिकी पडली, त्यांच्यावर बारीक ठिपके आले, पानाखाली कोळिष्टकासारखं जाळं. मी चष्मा लावून पाहिलं तर सुईच्या टोकाएवढे लाल कोळी. कोरड्या उन्हात ते होतात. औषध मारायची सोय नाही, कारण पान तोंडात जाणार. म्हणून रोज सकाळी बसून एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायची. वरून आणि खालून. पुसताना हाताला तो वास लागायचा, आणि मग माझे डोळे भरून यायचे. कशानं ते मला त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्याच दिवसांत ह्यांनी खाणं कमी केलं. तोंडात उजव्या बाजूला एक नवी जखम झाली होती. मी टॉर्च लावून पाहिली. पांढुरकी, कडा उचललेली. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि तोंड मिटून घेतलं. वास पुन्हा वाढला. वजन इतकं उतरलं की पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळायला लागायची. मी जास्त पानं घालायला लागले आणि झाडाला पुरी पडेनात. नवं पान फुटायच्या आधी जुनं खुडत होते मी. कळत होतं की हे झाडाला सोसणार नाही. पण त्यांना विचारून यायची, "थोडं घेता?" आणि त्यांनी मान हलवली की कात्री घेऊन मागं जायची.

नणंदेच्या मुलीचं लग्न यवतमाळला होतं, भर मे महिन्यात. मी जाणार नव्हते. ह्यांनीच खुणेनं जा म्हणून सांगितलं, वरून हात जोडले. एकुलती भाची. शेजारच्या काकू अधूनमधून डोकावतील असं ठरवून मी सकाळच्या गाडीनं गेले. अक्षता पडल्या, ताईला भेटले, आणि जेवणाला न थांबता जीप धरून परत आले. चार वाजले असतील. अंगणात पाय ठेवला तर ओट्यावर कुंडी नाही.

मी मागच्या खोलीत धावले. हे जमिनीवर बसले होते. कुंडीचे तुकडे, रेती, शेणखत सगळं खोलीभर. निंबूपत्ती आडवी पडलेली, तिची मुळं त्यांनी आपल्या दुपट्ट्यात गुंडाळली होती आणि त्या दुपट्ट्यावर प्यायच्या तांब्यातलं पाणी ओतत होते. तोंड आज झाकलेलं नव्हतं. मधली फांदी बुडातून फाटली होती. हाताला खरचटून रक्त आलं होतं आणि त्याला माती चिकटली होती.

"काय केलं हे? पडले का तुम्ही?"

ते बोलायला लागले. ऑपरेशननंतर ते असं भरभर कधी बोलले नव्हते. सगळे शब्द एकमेकांत घुसलेले, जाडजूड, ओले. मला त्यातलं फक्त 'ऊन' कळलं.

"ऊन काय?"

पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा मला उमगलं. वाऱ्यानं जाळी उडून गेली होती आणि ऊन थेट झाडावर आलं होतं. त्यांना ते खिडकीतून दिसलं. आत आणायला म्हणून ते बाहेर गेले, कुंडी उचलली, दारापर्यंत आणली आणि उंबऱ्यात पाय अडखळला. काकूंना हाक मारायची तर हाक फुटत नव्हती.

"मले उचललं नाई," ते म्हणाले. हे मला नीट कळलं. "तेवढंबी उचललं नाई मले."

सोयाबीनचं पोतं एका खांद्यावर मारणारा माणूस होता तो. मी त्यांच्याशेजारी मातीतच बसले. लग्नाची साडी होती अंगावर. मला त्यांना धीर द्यायचा होता, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "आता मी काय करू? आता तुम्हाला काय देऊ मी?" हे मी किती वेळ म्हणत होते कोण जाणे. वास खूप येत होता, त्यांच्या तोंडाचाही आणि चिरडलेल्या पानांचाही. त्यांनी माझ्या डोक्यावर मातीचा हात ठेवला. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांनी मला आपल्या जवळ येऊ दिलं, आणि मला त्याचाही आनंद झाला नाही. इतकं सगळं सरल्यासारखं वाटत होतं.

झाड बादलीत लावलं, पण ते उभं राहिलं नाही. फाटलेल्या फांदीच्या आम्ही दोघांनी मिळून काड्या केल्या. खालची पानं काढायची, पेराखाली तिरपा काप घ्यायचा, ओल्या रेतीत खोचायचं, वरून कापलेली बाटली उलटी घालायची. मी काड्या कापल्या, त्यांनी खोचल्या. बाटल्या त्यांच्या दिवाणाशी ओळीनं ठेवल्या. ते सारखे त्यांच्याकडे बघत पडलेले असायचे. पाऊस लागला, हवा दमट झाली, आणि एकेक काडी खालून काळी पडत गेली. शेवटची काळी पडली ती त्यांनीच उपटली, वास घेऊन पाहिला आणि खिडकीतून बाहेर टाकली.

नव्या जखमेचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट यायचा होता. ह्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा कापाकापी करायची असेल तर मी येणार नाही. मान हलवून, हात आडवा मारून. मी भांडले, पाया पडले, मुलीला बोलावून घेतलं. तीही रडली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पेज तशीच परत यायची. पुदिना घालून पाहिला, गवती चहा घालून पाहिला, त्यांनी तोंड फिरवलं. लिंबाची साल घातली तर जखमेला झोंबली.

त्या आठवड्यात मी यवतमाळला गेले आणि दिसेल त्या रोपवाटिकेत शिरले. नाव सांगितलं तर कोणी कोरफड दाखवायचं, कोणी लिंबाचं कलम. शेवटच्या ठिकाणी मी विचारणंच सोडून दिलं. रांगेनं कुंड्या होत्या, त्यातल्या प्रत्येक झाडाचं पान चुरडून वास घेत चालले. तिथला माणूस मागं मागं यायला लागला.

"बाई, काय पायजे तुमाले?"

"एक वास पाहिजे," मी म्हटलं.

त्यानं मला खुर्ची आणून दिली आणि माठातलं पाणी दिलं. मी पाणी प्यायले, रिकाम्या हातानं बसमध्ये बसले. दारव्हा येईपर्यंत माझ्या बोटांना कसले कसले वास येत होते, त्यात तो नव्हता. त्या प्रवासात माझ्या मनात जे आलं ते असं, की हे गेले तर बरं. त्यांचे हाल थांबतील, माझे थांबतील. मग मी दचकून पदर तोंडाला लावला, जसं काही मी ते मोठ्यानं बोलले होते.

रिपोर्ट आला. तो आजार नव्हता. शेकांनी नाजूक झालेल्या जागेवर टोकदार दात सारखा घासला जाऊन झालेली जखम होती ती, भरायला वेळ लागणारी. डॉक्टर म्हणाले, सध्या तरी काही नाही. त्या 'सध्या'वर आम्ही आजही जगतो. तो टोकदार दात काढला, औषध बदललं, जखम फार हळू भरत गेली. वासही कमी होत गेला. कधी कमी झाला ते नेमकं सांगता येत नाही. एक दिवस मी उशीचा अभ्रा वास न घेताच बादलीत टाकला, एवढं आठवतं. पण वजन परत आलं नाही, जीभ काही परत येणार नव्हती, आणि बाजारात ते गेले नाहीत. मागच्या खोलीतून दिवाण मात्र त्यांनी अजून हलवू दिलेला नाही.

दुसऱ्या दिवाळीला मुलीनं दुसरं रोप आणलं. मला खरं सांगायचं तर ते नको होतं. मी म्हटलं, "पुन्हा तेच करायची ताकद नाही माझ्यात." ह्यांनी रोप माझ्या हातातून घेतलं. त्यांनीच रेती चाळली, त्यांनीच कुंडीच्या तळाला विटा घातल्या. या वेळी छोटी कुंडी घेतली, त्यांना उचलता येईल अशी. थंडीत पानं गळाली तेव्हा मी घाबरले, ते घाबरले नाहीत. उन्हाळ्यात दुपारी आत आणतात, संध्याकाळी बाहेर ठेवतात. पानं पुसायचं कामही तेच करतात. सगळं चांगलं चाललंय असं नाही. एकदा ठसका लागला की अजून घाबरगुंडी उडते, भात अजूनही मिक्सरमधून काढावा लागतो, आणि तपासणीची तारीख जवळ आली की दोघंही घरात एकमेकांची नजर चुकवून वावरतो.

परवा बाजारातला एक जुना हमाल भेटायला आला. ह्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलेला. आतापर्यंत कोणी आलं की हे आत राहायचे आणि मी ओसरीवर बोलून पाठवायची. त्या दिवशी ते मागच्या ओट्यावर पानं पुसत बसले होते आणि तो सरळ मागच्याच दारानं आला. ह्यांना उठून जाता आलं नाही. दुपट्टा तेवढा वर ओढला. मी पाणी आणून दिलं. तो यंदाच्या आवकेबद्दल, तुरीबद्दल बोलत राहिला, ह्यांच्याकडे न बघता. अर्धं पाणी प्यायला आणि राहिलेलं पेल्यातलं पाणी, आपल्याकडे कोणीही करतं तसं, कुंडीत ओतायला हात पुढं केला.

हे काहीतरी बोलले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते जी?"

दोन वर्षं मी हेच करत आले आहे. ह्यांचं बोलणं लोकांना सांगायचं. मला कळलं होतं काय म्हणाले ते. पण ह्यांनी दुपट्टा खाली केला होता, म्हणून मी गप्प राहिले.

ते पुन्हा बोलले. त्याला कळलं नाही. तो ओशाळून हसला आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. मी सुपातले तांदूळ निवडत राहिले. तिसऱ्यांदा ते सावकाश बोलले, एकेक शब्द वेगळा करून, मान थोडी उजवीकडे झुकवून, तसं केलं की जीभ टाळूला लागते त्यांची.

"नको टाकू. मूळ सडते."

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला. पेला त्यानं बाजूला अंगणात रिकामा केला आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसला.